पोटाला चिमटा

मर्वाने, म्हणजे खालच्या फार्मसीतल्या इजिप्शियन पोरीने,
बर्फाच्या पिशवीत घालून दिलं पेन.
म्हणाली, उन्हात रेंगाळू नकोस.
मंगफच्या त्या चार गल्ल्या मी जवळजवळ पळत आले,
सत्तेचाळीस डिग्रीत, पिशवी ओढणीखाली धरून.
शाळेच्या बसमधून उतरलेली पोरं बघत राहिली.
त्यांना वाटलं असेल, आइस्क्रीम वितळतंय बाईचं.

फ्रीजमध्ये जागा नव्हती.
उद्याची मटकी, परवाचं खोबरं,
भुवडला कांदा चालत नाही म्हणून त्याचं वेगळं वाटण.
शेवटी अंड्यांच्या खाचांत आडवं ठेवलं.
त्यासाठी दोन अंडी काढावी लागली,
ती उकडली
आणि उभ्या उभ्या खाल्ली.

त्याला आठ दिवस झाले.
आठ दिवस मी माझा अंदाज मोजतेय.

अकरा वर्षं बावीस डबे,
मीठ कधी चमच्याने घातलं नाही.
आता मुठीतलं मीठ आधी ताटलीत टाकते,
ताटलीतून चमच्यात,
मग वहीत लिहिते: आमटी, मोठं पातेलं, सपाट पाच.
गूळ सुपारीएवढा. चिंच, कोळ काढून, अर्धी वाटी.
हेरंब विचारतो,
औषध घेणारेस की माहेरी निघालीयस?

त्याला कसं सांगू.
मर्वा म्हणाली, भूक मंदावेल, मळमळेल,
एखादा वास नकोसा होईल.
कुठला, ते तिलाही ठाऊक नाही.
फोडणीचा झाला तर?
आमटीत काय कमी आहे ते मला जिभेवर नाही कळत,
भुकेत कळतं.
माझ्या भुकेवर बावीस माणसं जेवतात.

पण लिफ्ट बंद पडली त्या दिवशी
तिसऱ्या मजल्यावर डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते,
हारिस पाणी घेऊन आला
आणि माझ्याकडे न बघता बाटली पायरीवर ठेवून गेला.
चौऱ्याण्णव किलो.
गुडघ्याचा फोटो डॉक्टरने दिव्यासमोर धरला तेव्हा
दोन हाडांमध्ये उजेडच नव्हता.

आज गुरुवार. उद्या डबे बंद,
मळमळायचं तर उद्या मळमळू दे.
पेन बाहेर काढून ठेवलंय, मिसळणाच्या डब्याशेजारी,
अर्धा तास, थंडपणा जाईपर्यंत.
सुया वेगळ्या. वापरलेली सुई टाकायला
लोणच्याची रिकामी बरणी नको, जाड प्लास्टिकच हवं,
म्हणून कपडे धुवायच्या साबणाचा कॅन धुऊन ठेवलाय.

कागदावर चित्र आहे:
बेंबीपासून दोन बोटं लांब,
कातडी चिमटीत धरा.

आई सिन्नरला विड्या वळायची.
शेजारणीला सांगायची, पोटाला चिमटा काढून वाढवली पोरं.
मला वाटायचं, खरंच काढते.
ती झोपली की लुगड्याचा पदर सारून
मी चिमट्याचा वण शोधायचे.
सापडायचा नाही.
चिमटीत येईल एवढं पोटच नव्हतं तिथे.

आणि हे माझं.
दोन्ही हात लागतात.
अकरा वर्षं म्हणत आले, आपलं काय, हातावर पोट,
आज आरशासमोर उभी आहे,
खरंच हातावर घेऊन.

तिला सांगितलेलं नाही.
शुक्रवारी फोन करते ती, आधी एकच विचारते, जेवलीस का?
उद्या काय उत्तर देणार, माहीत नाही.
खोटं बोलायची वेळ तिच्याशी याआधीही आली,
पण उलट्या बाजूने:
हॉस्टेलवर उपाशी असताना मी हो म्हणायचे.

मीठ लिहून झालं. हिंग राहिलाय.
हिंग चमच्यात मावतच नाही, नखावर घेते मी तो.
वहीत लिहिलं: नखभर. माझ्या नखाने.

मर्वा म्हणाली, बटण दाबून ठेवायचं,
सावकाश सहापर्यंत मोजायचं, मगच सुई काढायची.
सहा.
आई रोज हजार मोजायची,
ओठ न हलवता.